भाडेकरूने मागे टाकलेले कासव आपल्याला पाळता येईल का?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र आणि सोबतची तीन छायाचित्रे मिळाली. उत्तर लिहिण्यापूर्वी आपली हकीकत मला कशी समजली ते नोंदवतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असल्यास आपल्या लक्षात येईल. आपण उदगीर तालुक्यात शिक्षक आहात. घरामागची पत्र्याची खोली आपण अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने दिली होती. भाडेकरू दोन महिन्यांचे भाडे थकवून रातोरात निघून गेला, त्याचा फोन बंद आहे, आणि खोली झाडताना पलंगाखालच्या प्लास्टिकच्या टबात, वाळलेल्या कोबीच्या पानांवर, तळहाताएवढे एक कासव आपल्याला मिळाले. या गोष्टीला अकरा दिवस झाले. सातवीत शिकणाऱ्या आपल्या मुलीने त्याला जगवले. आपल्या भगिनी म्हणतात की लक्ष्मी घरी चालत आली आहे, तिला दाराबाहेर काढू नये. पुतण्या म्हणतो की संगणकावर नोंदणी केली की झाले, आणि तोवर कासव शेतातल्या आखाड्यावर ठेवू. ज्या शेजाऱ्यांशी आपला भिंतीचा वाद चालू आहे, ते मात्र वन खात्याला कळवण्याची धमकी देत आहेत. हे कासव ठेवता येईल का, आणि आता कळवले तर आपल्यालाच अटक होईल का, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. दुसऱ्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, परंतु सल्ला एका वाक्यात देता येतो: उशीर झालेला असला तरी आजच्या आज, स्वतःहून आणि लेखी कळवावे.

छायाचित्रांत कासवाची पाठ घुमटासारखी उंच आहे, तिच्या प्रत्येक गडद खवल्याच्या मध्यातून पिवळ्या रेषा चांदणीसारख्या फाकलेल्या आहेत आणि पाय हत्तीच्या पायांसारखे खांबुळके आहेत. हे वर्णन भारतीय तारा कासवाशी, म्हणजे बाजारात ज्याला स्टार कासव म्हणतात त्याच्याशी जुळते. अंतिम ओळख वन खात्याने किंवा पशुवैद्यकाने पटवायची असली, तरी आपण ते तारा कासवच आहे असे धरून वागावे. हे जमिनीवरचे कासव आहे आणि त्याचा मूळ प्रदेश एकीकडे गुजरात-राजस्थान आणि दुसरीकडे दक्षिणेतील कोरडी झुडपी राने असा आहे. आपल्या खोलीतल्या टबापर्यंत ते कोणाच्या तरी पिशवीतून किंवा बसमधून आले असणार हे उघड आहे, आणि तपास करणारा अधिकारीही नेमके तेच गृहीत धरील.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यापूर्वी तारा कासव चौथ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या चौथ्या यादीत, होते आणि शिक्षा तुलनेने सौम्य होती. आपल्या पुतण्याने जी माहिती वाचली असावी ती त्या काळातली वाटते. आता ते पहिल्या अनुसूचीत आहे, आणि पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्याला कलम ५१ खाली किमान तीन वर्षे व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. जिथे कायद्याने किमान कारावास ठरवून दिला आहे, तिथे अधिकाऱ्याला रक्कम भरून घेऊन प्रकरण मिटवता येत नाही. ‘दंड भरून सुटू’ असे कोणी सांगत असेल तर तो भरवसा धरू नये.

परवान्याचा मार्ग आहे का, असे आपण विचारले आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राणी घेण्यासाठी किंवा बाळगण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वपरवानगी लागते, आणि ‘पूर्व’ या शब्दातच आपली अडचण आहे. घरात येऊन बसलेल्या प्राण्यासाठी मागाहून परवानगी मागता येत नाही. ज्यांच्याकडे असे प्राणी आधीपासून होते त्यांना ते जाहीर करण्याची १८० दिवसांची एक संधी २००३ च्या सुमारास मिळाली होती, ती केव्हाच संपली. पुतण्याच्या मनात आहे ती ‘परिवेश’ संकेतस्थळावरील नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार आहे आणि ती वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येणाऱ्या, मुख्यतः परदेशी जातींच्या जिवंत प्राण्यांसाठी आहे. त्या नोंदणीने पहिल्या अनुसूचीतील देशी कासव पाळण्याचा हक्क मिळत नाही. उलट अशा कासवाची नोंदणी करायला जाणे म्हणजे आपण होऊन ताबा कबूल करणे आणि कायद्याने सांगितलेली खबर मात्र न देणे, असे विचित्र चित्र उभे राहील.

आता त्या अकरा दिवसांविषयी. कलम ३९ प्रमाणे असा प्राणी शासनाची मालमत्ता असतो, आणि तो कोणत्याही मार्गाने ज्याच्या ताब्यात येईल त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे खबर देऊन, मागणी होताच तो स्वाधीन केला पाहिजे. ‘कोणत्याही मार्गाने’ हे शब्द मुद्दाम ठेवलेले आहेत. विकत घेतला, भेट मिळाला, रस्त्यात सापडला की भाडेकरू टाकून गेला, हा फरक या कलमाला मान्य नाही. आपली मुदत संपून नऊ दिवस झाले आहेत आणि तांत्रिक दृष्टीने उल्लंघन घडलेले आहे, हे मी आपल्यापासून लपवत नाही. तरीसुद्धा स्वतःहून अकराव्या दिवशी आलेला माणूस आणि तक्रारीवरून विसाव्या दिवशी ज्याच्या घराची झडती झाली तो माणूस, यांच्याकडे कोणताही समंजस अधिकारी आणि न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही. पहिल्याच्या बाबतीत हेतू स्वच्छ होता हे दाखवायला त्याचे स्वतःचे वर्तन असते. दुसऱ्याकडे केवळ स्पष्टीकरण असते, आणि आमच्या कायद्याच्या व्यवसायात स्पष्टीकरणाची किंमत फार कमी आहे.

हे अधिक गंभीरपणे घेण्याचे कारण कलम ५७ आहे. एरवी फौजदारी खटल्यात आरोप सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. या कायद्यात मात्र प्राणी आपल्या ताब्यात होता एवढे सिद्ध झाले, की तो ताबा बेकायदा होता असे गृहीत धरले जाते आणि तसे नव्हते हे दाखवणे आपल्यावर येते. म्हणून आज कासवापेक्षाही कागद जपावेत. भाडेकरार, भाडेकरूच्या ओळखपत्राची प्रत, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली असल्यास त्याची पोच, थकलेल्या भाड्याविषयी त्याला पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश, आणि खोली उघडली तेव्हा हजर असलेल्या मजुराचे व शेजारच्या दुकानदाराचे नाव, हे सर्व एकत्र करावे. टब, पाने, पलंगाखालची चिंधी काहीही टाकू नये; ते कासवासोबतच द्यावे. मुलीने कासवाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर स्टेटसला ठेवले होते असे आपण ओझरते लिहिले आहे. ते मोबाइलमधून पुसू नका, कारण त्यावरील तारीख आपल्या बाजूची आहे आणि पुसलेली गोष्ट नेहमी लपवलेल्या गोष्टीसारखी दिसते. नवीन छायाचित्र मात्र कोठेही टाकू नये.

अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे, साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात आणि आपल्या स्वतःच्या नावाने करावा. मुलीचे नाव अर्जदार म्हणून घालू नये. त्यात अमुक तारखेला अमुक खोलीत भाडेकरू गेल्यानंतर कासव मिळाले, कायद्यातील मुदतीची मला माहिती नव्हती, माहिती मिळताच मी स्वतःहून कळवत आहे, आणि कासव ताब्यात घ्यावे, एवढेच असावे. तारीख खरी लिहावी. ‘कालच सापडले’ असे लिहिण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईल. तो मानल्यास मुलीचे स्टेटस आणि शेजाऱ्यांची साक्ष यांच्यासमोर आपला एकुलता एक भक्कम मुद्दा, म्हणजे प्रामाणिकपणा, उरणार नाही. अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी, आणि कासव ताब्यात घेताना पंचनामा होईल त्याची प्रत मागावी. जाण्यापूर्वी वन विभागाच्या १९२६ या मदतवाहिनीवर फोन करून वेळ नोंदवून ठेवली तर आणखी चांगले. गुन्हा दाखल होण्याची शक्यता दिसली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात जाता येते. त्यासाठी उदगीरच्या किंवा लातूरच्या वकिलांना आजच कागदपत्रे दाखवून ठेवावीत, म्हणजे ऐनवेळी धावपळ होणार नाही.

आखाड्यावर नेण्याचा विचार पूर्ण सोडून द्यावा, कारण त्यामुळे साधा ताबा लपवाछपवीत बदलतो आणि पुतण्याही प्रकरणात ओढला जातो. आपण लिहिलेल्या नांदेडच्या सर्पमित्राकडे देणेही नको. परवानगीशिवाय हस्तांतर करणे हेच कलम ३९ ने मना केले आहे, आणि घेणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी तोही अडकतो. उद्या भाडेकरू परत येऊन ‘माझे कासव द्या’ म्हणाला, तर त्यालाही देऊ नये. विहिरीत किंवा तळ्यात सोडण्याची सूचना तर दोन्ही अर्थांनी घातक आहे, कारण हे कासव पोहणारे नाही, ते बुडून मरेल, आणि आपल्यावर मालमत्ता नष्ट केल्याचा दोष येईल. याच ओघात सांगतो की आपल्याकडच्या शेततळ्यांत आणि नाल्यांत पायांवर झडपेसारखे झाकण असलेले मऊ पाठीचे जे कासव पावसाळ्यात दिसते, तेही पहिल्याच अनुसूचीत आहे, त्यामुळे तेही कोणी हौसेने घरी आणू नये.

कासव ताब्यात जाईपर्यंतच्या काही तासांची काळजी घेणे आपल्यावरच आहे, आणि निष्काळजीपणाने ते दगावले तर अर्जाची धार बोथट होईल. माझ्या परिचयाच्या पशुवैद्यकांनी वेळोवेळी सांगितलेले तेवढे लिहितो. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना कागद अंथरून ते शांत, सावलीच्या जागी ठेवावे. आपल्याकडील सध्याच्या उन्हात पत्र्याखालची खोली त्याला भाजून काढील. सकाळचे कोवळे ऊन पंधरा-वीस मिनिटे द्यावे, परंतु त्याला सावलीत सरकता येईल अशी जागा हवी. पसरट ताटलीत कोमट पाणी इतकेच घालावे की ते हनुवटीच्या वर जाणार नाही. खायला दूर्वा, जास्वंदीची पाने व फुले, शेवग्याचा पाला पुरेसा आहे. दूध, पोळी, मांस किंवा कुत्र्याचे खाद्य बिलकूल देऊ नये, कारण ते मुख्यतः शाकाहारी आहे. त्याची पाठ दाबल्यावर किंचित लवते असे आपण लिहिले आहे. बंद खोलीत, उन्हाशिवाय आणि निकृष्ट आहारावर वाढलेल्या पिलांत कॅल्शियमच्या अभावाने असे होते. ते अर्जात नमूद करावे, म्हणजे वन खाते त्याला आधी पशुवैद्यकाकडे नेईल. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपली सोय आहे. पाठीवर हळदकुंकू किंवा तेल लावू नये, ती जिवंत आणि संवेदना असलेली आहे. हाताळल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत, कारण या प्राण्यांच्या अंगावर पोटाच्या आजाराचे जंतू असू शकतात.

आपल्या भगिनींसाठी एवढेच सुचवतो की आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मंदिरात देवासमोर दगडी कासव असते आणि त्याला हात लावूनच आपण पुढे जातो. त्याला अनुसूची लागत नाही. घरात पितळेचे ठेवण्यास माझी, आणि कायद्याचीही, हरकत नाही.

शेजाऱ्यांच्या धमकीला उत्तर देऊ नये, त्यांच्याशी बोलणीही करू नयेत. भिंतीच्या दाव्यात सवलत दिली तर तक्रार करणार नाही, असा निरोप आल्याचे आपण लिहिले आहे. त्या निरोपाला ‘बघू’ असेही म्हणू नये, कारण तशी देवाणघेवाण झाली तर ती पुढे आपल्याविरुद्धच वापरली जाईल. एकदा आपली पोच हाती आली, की त्या निरोपात काही दम राहत नाही.

शेवटी मुलीच्या त्या वहीविषयी, जिच्यात तिने पहिल्या दिवसापासून कासवाने काय खाल्ले, किती चालले आणि डोळे कधी उघडले हे तारखेवार लिहिले आहे. ती वही अर्जाला जोडण्याजोगा पुरावा आहे. पहिल्या पानावरची तारीख आणि टबाचे वर्णन कोणत्याही साक्षीदारापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरेल. तिच्या सर्व पानांची झेरॉक्स काढून अर्जासोबत द्यावी आणि मूळ वही मुलीकडेच राहू द्यावी. कासव सोपवायला जाताना तिला सोबत न्यायचे असेल तर अवश्य न्यावे, फक्त सही आपली असावी.