एकसष्टाव्या वर्षी बाहुल्यांचा नाद: घाबरायचं कधी?

"आईंच्या डोक्यात काही बिघाड झालाय का, तेवढं सांगा." समुपदेशनाला आलेल्या सुनेचं पहिलं वाक्य हे. शेजारी मुलगा, मान खाली घालून. आई ६१ वर्षांच्या, साताऱ्यातल्या एका शाळेतून शिवणाच्या बाई म्हणून निवृत्त झालेल्या. यजमान जाऊन दोन वर्षं झालेली. गेले दीड वर्ष बाई बार्बीसारख्या फॅशन बाहुल्या जमवत होत्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

तक्रारी बऱ्याच होत्या. खोलीतलं कपाट बाहुल्यांनी भरलेलं. पार्सलं शेजारच्या घरी मागवतात. बाहुल्यांशी बोलतात. एका जुन्या बाहुलीला ४,८०० रुपये मोजले. सहा वर्षांच्या नातीनं एका बाहुलीच्या हातावर स्केचपेननं मेंदी काढली, तेव्हा इतक्या ओरडल्या की पोर दोन दिवस आजीच्या खोलीत फिरकली नाही. वर शेजारणीनं "एवढ्या बाहुल्या, बाहेरचं काही नाही ना बघून घ्या" असं सुचवलेलं. दाभोलकरांच्या गावातही हे अजून बोललं जातं. पण सून त्या वाटेला न जाता इकडे आली, हे चांगलंच झालं.

साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात, त्यामुळे निवृत्तीनंतर लागलेल्या नादांची काळजी घेऊन येणारी कुटुंबं इथे नवी नाहीत. नाणी किंवा तिकिटं असतील तर कुणी येत नाही. बाहुल्या म्हटलं की "दुसरं बालपण" हा शब्द तोंडावर येतो. खरं तर ही बाहुली ठकीसारखी भातुकलीतली नव्हेच. बार्बी ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत आली ती मोठ्या बाईचा बांधा आणि कपड्यांचं कपाट घेऊनच. मॅटेल कंपनीनं २००० पासून 'सिल्कस्टोन' नावाच्या कडक, चिनीमातीसारख्या दिसणाऱ्या साहित्यातली मालिका काढली, ती सरळ प्रौढ संग्राहकांसाठी होती. तेव्हा वय आणि वस्तू यांची विसंगती बाजूला ठेवली, तरी सुनेची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. उतारवयात नव्यानं सुरू झालेलं जमवणं हे कधी कधी मेंदूच्या आजाराचं लक्षण असतं. मेंदूचा पुढचा भाग झिजणाऱ्या डिमेन्शियात, जो बहुधा ४५ ते ६५ या वयात डोकं वर काढतो, माणूस पिशव्या, कागद, डबे काहीही गोळा करतो. का, ते त्याला सांगता येत नाही, आणि त्या ढिगाला काही क्रम नसतो. सोबत इतरही बदल दिसतात: गोडाची हाव, चारचौघांत बोलण्याचं भान सुटणं, घरच्यांविषयी आस्था आटणं, अंघोळीचा कंटाळा. सुनेला एकेक विचारलं. एकही नाही. "उलट माझी आई आजारी होती तेव्हा रोज फोन करायच्या," ती म्हणाली.

बाई दुसऱ्या भेटीत एकट्या आल्या, हातात दोनशेपानी वही घेऊन. त्या वहीनं निम्मं काम केलं. दर बाहुलीला क्रमांक, तारीख, किंमत, मानेवरचा आणि कमरेवरचा शिक्का, केसांची अवस्था, काय दुरुस्ती केली. एकूण ४६ बाहुल्या, १८ महिने, ३८,६०० रुपये. महिन्याला २,१०० च्या आसपास, पेन्शन ३१,०००. घरात मात्र आकडा फिरत होता दीड-दोन लाखांचा.

साड्या त्या स्वतः करतात. बाहुली साडेअकरा इंचांची, म्हणजे माणसाच्या एक षष्ठांश. नऊ वारांना सहानं भागलं की दीड वार, ४५ इंची पन्ह्याला भागलं की साडेसात इंच. पहिली नऊवारी त्यांनी याच हिशोबानं कापली आणि ती फसली. लांबी-रुंदी सहापटीनं घटते, कापडाची जाडी घटत नाही. निऱ्या पोटावर गादीसारख्या फुगतात. मग लांबी पाऊण वारावर आणली, कापड मलमल घेतलं, निऱ्या पाचच ठेवल्या. काष्टा खोचून बसत नाही, कारण बाहुलीच्या मांड्या पुरेशा फाकत नाहीत. म्हणून तो आधीच शिवून मागे टिचबटण. खण आळीतला खण फक्त चोळीला, तोही उभ्या धाग्यात, नाहीतर बाहीला ताठरपणानं चुण्या पडतात. "बोलता का त्यांच्याशी?" असं विचारल्यावर हसल्या. "पदर लावताना 'सरळ उभी राहा गं' म्हणते. चाळीस वर्षं वर्गात तेच म्हटलं." स्वयंपाक करताना कढईशी बोलणाऱ्या बायका घरोघरी आहेत. बाहुलीनं उत्तर दिलं असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं, नाहीतर नाही.

भागाकार करून, चूक ओळखून, मोजमाप बदलणारा मेंदू या बाबतीत फारसा संशयास्पद नसतो. तरी अंदाजावर सोडलं नाही. स्मरणशक्तीची ३० गुणांची प्रमाणित चाचणी झाली. तिच्यात घड्याळ काढून ११ वाजून १० मिनिटं दाखवायची असतात. ज्यांचं नियोजन ढासळलेलं असतं ते मोठा काटा बऱ्याचदा दहाच्या आकड्यावर नेतात. बाईंनी तो दोनवर ठेवला. गुण २८. फिजिशियनकडून बी-१२ आणि थायरॉईड तपासून घेतलं, कारण या दोन्हींच्या कमतरतेनं विसराळूपणा येतो आणि तो बरा करता येतो. दोन्ही ठीक.

संचय विकार म्हणूनही याकडे पाहिलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. त्यात वस्तू टाकवत नाहीत, राहत्या जागा वापरता येईनाशा होतात, आणि त्यापायी त्रास होतो किंवा रोजचं काम अडतं. पलंगावर झोपता येतं का, दार पूर्ण उघडतं का, ओटा मोकळा आहे का, हे विचारावं. संख्या विचारून काही कळत नाही. इथे सगळं जिथल्या तिथे होतं.

दुःखाचं काय? यजमानांच्या जाण्याला बाहुल्या जोडून गोष्ट गोड करण्याचा मोह होतो, आणि बरेच समुपदेशक त्याला बळी पडतात. बाईंना झोप सहा तास, भूक नीट, भजनी मंडळ चालू. यजमानांबद्दल बोलताना डोळे भरले, पुसले, विषय पुढे गेला. रिकाम्या दुपारी हाताला काम हवं होतं, इतकंच त्यांनी सांगितलं, आणि ते पुरेसं वाटलं.

मग अडलं कुठे? ४,८०० रुपयांत. वहीत त्या नोंदीपुढे लाल पेनानं एकच शब्द होता: "फसले." विकणाऱ्यानं कमरेवरचा १९६६ चा शिक्का दाखवून बाहुली त्या सालची म्हणून खपवली होती. नव्या संग्राहकाची ही ठरलेली ठेच. ते साल त्या धडाच्या साच्याच्या कॉपीराइटचं असतं, बाहुली बनल्याचं नव्हे. कमरेत वळणाऱ्या त्या धडावर १९६६ हे साल नव्वदच्या दशकातल्या बाहुल्यांवरही उमटलेलं असतं. खऱ्या सुरुवातीच्या नगावर जपान लिहिलेलं असतं आणि पापण्यांना रंगवलेल्या नव्हे, ओवलेल्या केसांच्या झालरी असतात. मलेशिया, चीन किंवा इंडोनेशिया दिसलं की बाहुली नंतरची. बाईंना हे महिनाभरानं कळलं. लाजेनं त्यांनी घरात सांगितलं नाही, पार्सलं शेजारी वळवली, आणि एकदा लपवाछपवी सुरू झाल्यावर सुनेला सगळंच संशयास्पद दिसू लागलं. म्हातारं माणूस फसलं की घरचे स्मृतिभ्रंश शोधतात. तिशीतला फसला तर "अनुभव आला" म्हणतात.

तिसऱ्या भेटीत तिघं एकत्र बसले. वही टेबलावर उघडी ठेवली, आकडे मुलानं मोठ्यानं वाचले. मेंदीचा प्रसंग तेव्हा उलगडला. बाईंचा राग नातीवर नव्हताच. सुनेनं घाईनं डाग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर चोळला होता. अॅसिटोननं प्लास्टिकचा वरचा थर विरघळून हात कायमचा मळकट झाला, शाई आणखी पसरली. ओरडणं त्याला होतं, पण सुनेवर ओरडता येत नाही म्हणून आवाज भलतीकडे गेला. स्केचपेनची शाई मऊ व्हिनाइलमध्ये मुरते, साबणानं निघत नाही. त्यावर मुरमांसाठीचं बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम फक्त डागावर लावायचं, पारदर्शक प्लास्टिक गुंडाळून तीन-चार तास उन्हात ठेवायचं, धुवायचं, आणि हे चार-पाच दिवस. चेहऱ्याजवळ नेलं तर ओठांचा रंग उडतो, जास्त ठेवलं तर पांढरा चट्टा पडतो. हे काम आजी-नातीला मिळून दिलं. डाग पुरता गेला नाही, फिकटला.

ठरलं ते असं. पार्सल घरच्याच पत्त्यावर. महिन्याला २,००० ची मर्यादा. १,००० च्या वरची खरेदी एक रात्र थांबून, शिक्क्याचे फोटो मागवून. कपाट तीन फुटी, चार फळ्या, दोन फळ्यांत १४ इंचांचं अंतर. साडीचा घेर धरून बाहुलीला सहा इंच लागतात, म्हणजे दोन रांगांत एका फळीवर १२. चार फळ्यांत ४८, त्यापुढची आली की एक बाहेर. कपाट खिडकीसमोरून हलवलं, डांबर गोळ्या काढल्या (त्यांच्या वाफेनं प्लास्टिक मऊ पडतं), साताऱ्याच्या पावसाळ्यासाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. केस धुतल्यावर डोक्यात पाणी राहून बुरशी धरते, म्हणून बाहुली उलटी टांगून दोन दिवस वाळवायची, हे बाईंनीच सुनेला शिकवलं.

चार बाहुल्या नातीच्या झाल्या. त्यांच्यावर मेंदी, कात्री, काहीही चालेल. काचेआडच्यांना आजी सोबत असतानाच हात लावायचा. सहा वर्षांच्या मुलीला "हात लावू नको" एवढंच सांगितलं तर ते टिकत नाही. स्वतःची फळी दिली की टिकतं.

तीन महिन्यांनी फोन झाला तेव्हा संग्रह ४४ वर होता. चाचणीचे गुण चांगले असले तरी ते त्या दिवसापुरते असतात, म्हणून वर्षभरानं ती पुन्हा करायची ठरली आहे. तारीख बाईंनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली, लाल पेनानं.