पदं कापण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या पटकथेचा पहिला खर्डा वाचला. जुन्या संगीत नाटकावर चित्रपट करायची तुझी ओढ पानोपानी दिसते, आणि तिचं मला मनापासून कौतुक आहे. अडखळलो ते पहिल्या पदापाशी. तिथे तू लिहिलं आहेस, 'नायिका पद गाते, तीस सेकंद, त्यावर प्रवासाची दृश्यं.' पुढच्या प्रत्येक पदाला तू हाच उपाय केला आहेस. संवाद, मध्यंतराची जागा, शेवट यांत ज्या उणिवा आहेत त्या हळूहळू निघतील. पदांचं मात्र आत्ताच ठरवावं लागेल.

तुझी अडचण खोटी नाही. रंगभूमीवर पद सुरू झालं की गोष्ट थांबते आणि ते कुणालाही खटकत नाही. प्रेक्षक त्यासाठीच तिकीट काढून आलेला असतो. तो वन्समोअर देतो, नट पुन्हा मुखड्यावर येतो, ऑर्गन आणि तबलेवाले त्याच्याकडे बघत साथ वाढवत नेतात. पडद्यावरच्या माणसाला वन्समोअर घेता येत नाही. मग पद लांबलं असं वाटू लागतं आणि कात्री चालते. पण ते पद तिथे काय काम करतंय हे आधी तपास.

'कट्यार काळजात घुसली' घे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७ साली रंगभूमीवर आलं. पंडितजी आणि खाँसाहेब या दोन घराण्यांच्या गायकांमधल्या चुरशीची ही गोष्ट. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्यात 'घेई छंद मकरंद' दोन चालींत येतं. शब्द तेच, पंडितजींच्या वळणाची चाल सालगवराळी रागात, संथ आणि शांत, तर खाँसाहेबांची धानी रागात, तानांनी उसळणारी. दोन घराण्यांमधलं भांडण कुणी संवादात समजावून सांगत नाही, कारण ते त्या दोन चालींतच पूर्ण मांडलेलं आहे. यातली एक चाल उडवली तर नुसतं गाणं जात नाही, नाटकाचा झगडाच जातो. तुझ्या नाटकात असं पद कोणतं आहे ते शोध. माझ्या मते नायिकेच्या वडिलांचं दुसऱ्या अंकातलं पद तसं आहे. नेमकं तेच तू प्रवासाच्या दृश्यांखाली टाकलं आहेस.

आता पडदा काय देऊ शकतो ते बघ. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या माणसाला गाणारा दिसतो, पण बाजूला उभं राहून ऐकणाऱ्याचा चेहरा त्याच्यापर्यंत पोचत नाही. कॅमेरा तो चेहरा जवळून दाखवतो. 'कट्यार'मधला तरुण शिष्य सदाशिव ज्यांच्याकडे शिकायला आलेला असतो ते पंडितजी निघून गेलेले असतात, आणि ज्यांनी त्यांना हरवलं त्या खाँसाहेबांचंच गाणं त्याला चोरून ऐकावं लागतं. मत्सर, ओढ, शरम, सगळं एकाच वेळी. हे दाखवायला चित्रपटाइतकी चांगली जागा नाही. म्हणून प्रत्येक पदाशी ते कोण ऐकतंय आणि ऐकताना त्याचं काय होतंय हे लिही. ते लिहिलंस की तीच चार मिनिटं लांब वाटणार नाहीत.

गळ्याचा प्रश्न याहून अवघड आहे. २०१० साली सुबोध भावे यांनी हे नाटक पुन्हा रंगभूमीवर आणलं तेव्हा खाँसाहेब राहुल देशपांडे होते, वसंतरावांचे नातू, आणि सदाशिव महेश काळे. दोघं स्वतः गात होते. २०१५ मध्ये भावे यांनीच चित्रपट केला. त्यात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगांवकरांचा आणि गळा राहुल देशपांडेंचा. सदाशिव स्वतः भावे, आवाज महेश काळे यांचा. 'अरुणि किरणी'साठी काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पंडितजी झालेले शंकर महादेवन मात्र स्वतःच्याच आवाजात गातात. ते गातात ती दृश्यं आणि बाकीची दृश्यं लागोपाठ बघ, आवाज बंद करून. श्वास कुठे घेतला जातो, तान सुटायच्या आधी मानेची शीर कशी ताणली जाते, समेवर डोळे काय करतात, ते वहीत टिपून ठेव. पिळगांवकरांनी खूप मेहनत घेतली आहे आणि ती दिसते, तरी दुसऱ्याचा श्वास पूर्ण आपलासा करणं महाकठीण.

म्हणून तुझ्या नायिकेसाठी गाणारी नटी मिळाली तर तिलाच घे, नाव मोठं नसलं तरी चालेल. नाहीच मिळाली, तर पदं ध्वनिमुद्रित होताना तिला स्टुडिओत गायिकेसमोर बसव. चित्रीकरणात तिला नुसते ओठ हलवू देऊ नकोस, मोठ्याने गायला लाव, बेसूर झालं तरी हरकत नाही. पोटातून जोर लागला तरच गळा खरा दिसतो.

तू नायकाचं सगळं बालपण नव्याने लिहिलं आहेस, त्याबद्दलही थोडं सांगतो. 'कट्यार' चित्रपटातही पंडितजी आणि खाँसाहेबांची आधीची वर्षं विस्ताराने येतात. त्यातून 'सूर निरागस हो'सारखं नवं गाणं मिळालं आणि ज्यांनी नाटक कधीच पाहिलं नव्हतं त्यांना पंडितजी जवळचे वाटले. हा मोठाच लाभ. पण त्याची किंमतही आहे. नाटकात पंडितजी निघून जातात आणि पुढे त्यांचं नसणं साऱ्या घरात जाणवत राहतं. चित्रपटात ते आपण इतके पाहिलेले असतात की खाँसाहेब जास्तच काळे रंगतात. मला हा सौदा थोडा महाग वाटतो. वसंतरावांचं 'सुरत पिया की' ऐकताना मन खाँसाहेबांच्या बाजूने झुकतं, आणि ते तसं झुकायलाच हवं. तुझ्या खलनायकाचं एकही पद कापू नकोस.

हक्कांचं काम मात्र आधी उरक. संहिता, पदांचे शब्द आणि चाली यांचे हक्क वेगवेगळ्या घरांत असू शकतात, तिन्हींची लेखी परवानगी घे.

पुढच्या खर्ड्यात पदांची यादी वेगळी जोडू नकोस. प्रत्येक पद संवादांच्या ओघात पूर्ण शब्दांसह लिही, आणि शेजारी ऐकणाऱ्याचं नाव. वडिलांचं पद झालं की तेवढंच आधी पाठव, बाकीचं मागाहून आलं तरी चालेल.

तुझा,
सर