केसरबाई की अमीर खाँ, ७८ की एलपी: नवख्याने कोणाचं ऐकावं?

प्रश्न असा आहे: "नुकताच टर्नटेबल घेतलाय. शास्त्रीय गाण्याच्या रेकॉर्डी जमवायच्या आहेत. पण रेकॉर्डवाल्यांत एकाची आवड दुसऱ्याला चालत नाही. एक म्हणतो गायिका केसरबाई केरकर शोध, दुसरा म्हणतो ७८च्या खरखरीत काही अर्थ नाही, ख्यालगायक अमीर खाँची एलपी घे. कोणाचं ऐकू?"

कोणाचंही ऐकू नका. (७८ म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी; एलपी म्हणजे नंतर आलेली, सावकाश फिरणारी मोठी रेकॉर्ड.) फक्त स्पिरिटची बाटली आणि ७८ची रेकॉर्ड एका खोलीत ठेवू नका. असं का म्हणतोय ते सांगतो, जरा लांबेल.

मी मूळचा मिरजेचा. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेले दूर तिकडे मद्रासजवळच्या एका लहानशा रेल्वे स्टेशनात, पण मातीत आले मिरजेच्याच, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. उरुसाला तिथे गाणं होतं आणि माझ्या वडिलांनी ती रात्र कधी चुकवली नाही. ते शाळामास्तर. पगार बेताचा, पण घरात चावीचा ग्रामोफोन आणि अकरा तबकड्या होत्या. त्यातली एक खाँसाहेबांची, झिंझोटी रागातली 'पिया बिन नही आवत चैन'. एका पिनेला एकच बाजू हा नियम. वडील पीन जराशी फिरवून तिसरी बाजूही काढायचे, पण या तबकडीला मात्र डबीतून नवी पीन निघायची. आम्हा पोरांना चावी द्यायची परवानगी होती, तबकडीला हात लावायची नव्हती.

वडील गेल्यावर वाटणीत थोरल्या भावाने घर घेतलं आणि मी तबकड्या. आमच्या हिचं या वाटणीबद्दलचं मत इथे लिहिण्याजोगं नाही.

आता साडू. राहायला कोथरूडला. माणूस मनाने चांगला, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तसं वाटणार नाही. त्यांचे स्पीकर माझ्या मुलीच्या लग्नाहून महाग पडलेत. खोलीच्या भिंतींना फोम, बसायची खुर्ची एकच आणि ती अगदी मापून ठेवलेली. दुसरा माणूस आला तर त्याने सतरंजीवर बसायचं. अमीर खाँचा मारवा राग हे त्यांचं दैवत. ती एलपी तुम्हाला ठाऊकच असेल, एका बाजूला मारवा, दुसरीकडे दरबारी. गाणं सुरू झालं की साडू गाण्याबद्दल बोलत नाहीत, तंबोरा कुठे बसलाय ते बोटाने दाखवतात. केसरबाई त्यांना टोचतात. आणि आमचे करीम खाँसाहेब त्यांच्या मते 'डब्यातून गातात'.

२०११च्या दिवाळीत पाडव्याला आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. डब्यावरून मागच्या खेपेला वाद झालेला. मी तबकडी घेऊनच गेलो, दोन जुन्या टॉवेलांत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर. म्हटलं, तुमच्या एवढ्या यंत्रावर एकदा ऐका तरी. त्यांच्या टर्नटेबलला ७८चा वेग होता. लावली. खरोखरच खाँसाहेब डब्यातून गायले. बोथट आवाज, वर कांदे तळल्यासारखी चरचर. साडू माझ्याकडे बघून नुसते हसले. तेवढ्यावर भागलं असतं.

"धूळ आहे हो साडूभाऊ, थांबा, साफ करून देतो," म्हणाले. मी चकलीत होतो. त्यांनी एलपी पुसायचं पाणी काढलं, मऊ फडक्यावर घेतलं आणि बाहेरच्या कडेपासून गोल गोल पुसायला लागले. मला आधी वास आला. दवाखान्यात इंजेक्शनच्या आधी येतो तो. मग फडकं दिसलं, काळंकुट्ट. साडू खूश, "बघा किती घाण निघतेय!" घाण नव्हती ती. एलपी असते प्लॅस्टिकची, तिला त्या पाण्याने काही होत नाही. ७८ची तबकडी लाखेची, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कुठल्याही सुताराला विचारा. वडिलांची झिंझोटी त्या फडक्यावर उतरत होती.

मी ओरडलो तोवर जवळजवळ दोन तृतीयांश रुंदी पुसून झाली होती. बाहेरचा भाग पाटीसारखा मळकट, आतला तेवढा अजून चकचकीत. मधली सीमारेषा इतकी रेखीव की कंपास धरून काढावी. खोलीत कुणी बोलेना. शेवटी साडू म्हणाले, "अहो, यूट्यूबवर आहे की ती."

या एका वाक्यावर आमचं चौदा महिने बोलणं नव्हतं. बायका मध्ये पडल्या म्हणून निभावलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. त्या दिवशी खाँसाहेब डब्यातून का गायले, हे मी नंतर हट्टाने शोधून काढलं. ७८ची खोबण रुंद असते, तिला साधारण ३ मिलच्या टोकाची सुई लागते. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एलपीची सुई १ मिल, बहुतेकदा त्याहूनही बारीक. ती ७८च्या खोबणीत तळाला लोळत राहते, जिथे गाणं नाही, नुसता कचरा आहे. दुसरं, एलपीसाठी अँप्लिफायर आवाजाची जी दुरुस्ती करतो, ते आरआयएए नावाचं प्रकरण १९५४चं. खाँसाहेबांच्या रेकॉर्डी त्याच्या कितीतरी आधीच्या; तीच दुरुस्ती त्यांना लावली की वरचे सूर दबतात. तिसरं, ७८ मोनो आहे, म्हणजे तिच्यात आवाजाची एकच वाट. स्टिरिओवर वाजवलीत तर खरखर फुकटची पदरात. म्हणजे साडूंनी वीस वर्षं जे नापसंत केलं ते खाँसाहेबांचं गाणं नव्हतंच, स्वतःची सुई होती. हे मी त्यांना कागदावर आकृती काढून दाखवलंय. ते म्हणतात, "असेल."

बाकी आवडी वेगळ्या का, तर मला विचाराल तर घराण्याबिराण्याचा संबंध कमी. ज्याच्या घरात जे यंत्र होतं तसा त्याचा कान झाला. दहा इंची ७८ म्हणजे एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात गाणाऱ्याने ठुमरी मांडायची, रंगवायची आणि मिटवायची. आमच्यासारख्यांना म्हणून नेमकेपणाची चटक लागली, मैफलीत कुणी आलापात रेंगाळला की आम्ही घड्याळ बघतो. एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. अमीर खाँचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल त्याआधी तबकडीत मावलाच नसता, त्यामुळे एलपीवर वाढलेल्याला आमच्या रेकॉर्डी म्हणजे गाण्याची जाहिरात वाटते. तिसरे ते खाजगी मैफलींच्या टेपा जमवणारे. ते आम्हा दोघांनाही डबाबंद म्हणतात, आणि यांच्या टेपेत गाण्यापेक्षा खोकला जास्त. शिवाय भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँसाहेब या बड्या गवयांची एकही रेकॉर्ड नाही. तेव्हा आपण सगळे भांडतो ते डब्यात शिरायला तयार झालेल्यांवरूनच.

केसरबाई टोचतात म्हणणाऱ्यांसाठी मात्र एक ऐकवतोच. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली तिच्यावर त्यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. तीही साडेतीन मिनिटांची. दोन यानांपैकी मागाहून सुटलेलं ५ सप्टेंबरला निघालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्या तबकडीबरोबर कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) आणि सुईसुद्धा पाठवली आहे, आणि कशी लावायची याच्या आकृत्या वर कोरल्या आहेत. परग्रहावर योग्य सुई पोचेल, कोथरूडला नाही.

एवढं वाचून ७८च घ्याव्यात असं वाटलं असेल तर थांबा. आजकालच्या बऱ्याच टर्नटेबलांना तो वेगच नसतो, ३३ आणि ४५ एवढंच. तुमच्याला नसेल तर विषय संपला. असेल तर ३ मिलची वेगळी सुई घ्या, आधी सुई, मग रेकॉर्ड. पुसायला साधं पाणी, थेंबभर साबण, लेबल भिजू न देता, आणि लगेच टिपून घ्यायचं. वेगावरही डोळे मिटून विश्वास नको. ७८ हा आकडा सगळ्यांनी मागाहून पाळला, अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डी कमीजास्त वेगाने भरलेल्या आहेत. चौऱ्याहत्तरची अठ्ठ्याहत्तरवर लावलीत तर गाणारा जवळजवळ अर्धा सूर वर चढतो आणि आपण म्हणतो, काय पल्लेदार आवाज होता! जुन्या बाजारात तबकडी घेताना उजेडात तिरकी धरा, काठावरून अंगठा फिरवा. केसाएवढी चीर असली तरी दर फेऱ्याला टक् वाजणार, मिनिटाला ७८ वेळा.

आणि हो, मारवा घ्याच. साडूंच्या त्या एकुलत्या एका खुर्चीत मी एकदा बसलोय, ते आत फोनवर बोलत होते तेव्हा. 'पिया मोरे' सुरू झालं आणि अमीर खाँनी कोमल रिषभावर जो ठिय्या दिला, तिथे मला षड्ज, म्हणजे मूळचा सा, कुठे आहे हेच कळेनासं झालं. पायाखालची पायरी कुणी काढून घ्यावी तसं. फोन संपल्याची चाहूल लागताच मी सतरंजीवर येऊन बसलो. पुढे ती एलपी मीही घेतली, कव्हर फाटकं होतं म्हणून स्वस्तात मिळाली. साडू यायचे असले की ती गोधड्यांच्या कपाटात असते.

वडिलांची तबकडी अजून लावतो. आता ३ मिलची सुई आहे. मळकट भाग सोडून, चकचकीत भाग जिथे सुरू होतो तिथे सुई टेकवायची, मिनिटभर खाँसाहेब स्वच्छ मिळतात. ही विचारते, रोज शेवटच काय लावता. साडू आले की मात्र मी पहिल्यापासून लावतो.