कोल्हापूरहून गोव्यात फोंड्याला बदली होतेय. मुलगी तिसरीत जाणार, मुलगा दहावीला आहे. सरकारी शाळा आणि पुढची कॉलेजं कशी आहेत?

मी फोंडा तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. तुम्ही विचारलंय की मुलीला मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत घालावं का, आणि मुलाला अकरावीपासून इकडे आणावं का. मुलीसाठी माझं उत्तर "हो, खुशाल घाला" असं आहे. मुलाच्या बाबतीत मात्र थांबा, आधी खाली लिहिलंय ते वाचा.

गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी मराठी नाहीतर कोकणी माध्यम. मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी गावोगावी मराठी शाळा काढल्या, त्यातल्या कितीतरी अजून चालू आहेत. फोंडा म्हणजे अंत्रुज महाल, इथे देवळात, नाटकात, भजनात मराठी रोजची आहे, त्यामुळे तुमच्या मुलीला परकं वाटायचं काही कारण नाही. पहिलीपासून इंग्रजी हा विषय असतो. माध्यान्ह आहार बचतगटाच्या बायका आणून देतात, बहुतेकदा पाव आणि पातळभाजी. फीचा प्रश्नच नाही.

अडचण पटसंख्येची आहे. पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे गेला आणि आमच्या शाळा रिकाम्या होत चालल्या. काही ठिकाणी चारही वर्ग एका खोलीत आणि एकच शिक्षिका असते. त्या बाई जीव तोडून शिकवतात, हे मी जवळून बघितलंय. तरी आई म्हणून निवडायचं झालं तर मी निदान दोन शिक्षक असलेली शाळा बघेन. घर ठरवण्याआधी एकदा सकाळी शाळा भरताना जाऊन या. मुलं किती आणि शिक्षक किती ते डोळ्यांनी बघा. तिसरी-चौथीच्या मुलांच्या वह्या मागून घ्या, बाई आनंदाने दाखवतील.

आता खरी गोष्ट पाचवीची. इथे प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. पाचवीपासून मूल हायस्कुलात जातं आणि तिथलं माध्यम जवळजवळ सगळीकडे इंग्रजीच असतं. बाहेरून येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. चौथीपर्यंत वर्गात पहिली येणारी मुलगी पाचवीच्या पहिल्या चाचणीत एकदम मागे पडते आणि आईबापांना वाटतं, मराठी शाळेत घालून चूक केली.

माझी एक विद्यार्थिनी पाचवीत गेल्यावर रडवेली होऊन गणिताची वही घेऊन आली होती. भागाकाराची दहाच्या दहा गणितं बरोबर, खालची शाब्दिक उदाहरणं कोरी. मी त्यातलं एक मराठीतून वाचून दाखवलं. तिने वही न उघडता तोंडी उत्तर दिलं. तिला गणित येत होतं, प्रश्न वाचता येत नव्हता, एवढंच. मग शाळा सुटल्यावर रोज थोडा वेळ आम्ही नुसती उदाहरणं वाचायचो, सोडवायचोसुद्धा नाही. आधी ती मोठ्याने वाचायची, मग काय विचारलंय ते मराठीत सांगायची. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत गाडी रुळावर आली होती.

तुमच्या हातात त्याआधी दोन वर्षं आहेत. तिसरीपासूनच रोज अर्धा तास तिच्याकडून इंग्रजी गोष्टींचं पुस्तक मोठ्याने वाचून घ्या. चौथीत पाचवीचं गणिताचं आणि परिसराचं पुस्तक घरात आणून ठेवा. क्लास लावायची गरज नाही. ज्या मुलांचा पाया आपल्या भाषेत पक्का झालाय ती पाचवी-सहावीत सावरतात आणि पुढे मागे वळून बघत नाहीत. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मराठी हा विषय दहावीपर्यंत घेता येतो, तो सोडू देऊ नका.

हायस्कुलं बहुतेक अनुदानित आहेत, संस्था खाजगी आणि पगार सरकारचा, त्यामुळे फी आवाक्यात असते. शहरातलं गोवा विद्याप्रसारक मंडळाचं आल्मेदा हायस्कूल जुनं आणि नावाजलेलं आहे. अनेक हायस्कुलांना सरकारी योजनेतून मिळालेल्या बालरथ बस आहेत, तुमच्या वाड्यावर ती येते का ते विचारून घ्या. तुमची बदली वारंवार होणारी असेल तर फोंड्यात केंद्रीय विद्यालयही आहे. मुलगी पाचवीत गेली की नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेची परीक्षा द्यायला लावा. उत्तर गोव्याचं नवोदय वाळपईला आहे, दक्षिणेचं काणकोणला.

आता मुलगा. इथे अकरावी-बारावीला ज्युनियर कॉलेज म्हणत नाहीत, हायर सेकंडरी म्हणतात आणि ती बहुधा डिग्री कॉलेजपासून वेगळी असते. त्याला डॉक्टर व्हायचं असेल तर त्याला आत्ता इकडे आणू नका. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. बारावी गोव्यात केली की तो कोटा हातचा जाईल. आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात राज्याच्या जागांसाठी गोव्यात ठरावीक वर्षं राहिल्याचा दाखला मागतात, तो तुम्हाला इतक्यात मिळणार नाही. मग उरतो फक्त देशपातळीवरचा पंधरा टक्के कोटा. मूल हुशार असूनही दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी गत होते. आजी-आजोबा कोल्हापुरात असतील तर दोन वर्षं त्यांच्याकडे ठेवा. जवळ नसल्याचं वाईट वाटेल, पण ही दोन वर्षं त्याच्या पुढच्या सगळ्या वर्षांवर परिणाम करणारी आहेत.

इंजिनिअरिंगचं गणित वेगळं आहे. एनआयटी म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, तिच्यासाठी मुलाने बारावी कुठून केली ते राज्य त्याचं गृहराज्य धरतात, तिथे दाखल्याचा प्रश्न येत नाही. म्हणजे गोव्यात बारावी केली तर एनआयटी गोव्याच्या गृहराज्य कोट्यात तो बसेल. ही एनआयटी २०१० मध्ये फोंड्याजवळच्या आपल्या फर्मागुडीच्या पठारावर सुरू झाली, आता कुंकळ्ळीला स्वतःच्या आवारात गेली आहे. त्याच पठारावर १९६७ पासूनचं सरकारी गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि २०१६ मध्ये आयआयटी गोवाही त्याच्याच आवारात सुरू झाली. सरकारी अभियांत्रिकीला मात्र परत वास्तव्याची अट आहे. पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाची माहितीपुस्तिका दर वर्षी निघते, तिचं पात्रतेचं पान शब्द न् शब्द वाचा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

दहावीनंतर डिप्लोमा हवा असेल तर सरकारी पॉलिटेक्निक पणजीला आल्तिनोवर, डिचोलीजवळ मये इथे आणि कुडचड्याला आहेत. फर्मागुडीला आयटीआय आहे. हाताने काम करायची आवड असलेल्या मुलाला तिथे घालायला पालक उगाच लाजतात, आणि शेजारीच कुंडई, मडकई, बेतोड्याच्या औद्योगिक वसाहती आहेत.

साधी पदवी घ्यायची असेल तर काळजीच नको. फर्मागुडीला फोंडा एज्युकेशन सोसायटीचं कला-विज्ञान महाविद्यालय आणि माशेलजवळ खांडोळ्याचं सरकारी महाविद्यालय, दोन्ही बसच्या टप्प्यात आहेत. सगळी १९८५ मध्ये झालेल्या गोवा विद्यापीठाशी संलग्न. विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे, एमएला मराठी विभागही आहे.

तारखा सांभाळा. २०२५ मध्ये गोव्याचा दहावीचा निकाल ७ एप्रिलला लागला, महाराष्ट्राचा १३ मेला. त्याच वर्षापासून सहावीपासूनचे बरेचसे वर्ग एप्रिलमध्ये भरायला लागले. म्हणजे तुमच्या मुलाचा निकाल येईपर्यंत इथल्या चांगल्या हायर सेकंडरींतल्या विज्ञानाच्या जागा भरत आलेल्या असतात. मार्चमध्येच एकदा येऊन प्राचार्यांना भेटा आणि बाहेरच्या बोर्डाच्या मुलांना किती दिवस थांबतात ते विचारा. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला प्रतिस्वाक्षरी करून आणा आणि जुन्या शाळेला यूडायसवरून, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतून, तिचं नाव मोकळं करायला सांगा. काही अडलं तर फोंड्याच्या भागशिक्षणाधिकारी कार्यालयात जा. मुलाच्या मनात डॉक्टरकी आहे की नाही ते मात्र घर भाड्याने घेण्याच्या आधी त्याला विचारा.