हीट पंपाचे (बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन घर गरम करणाऱ्या यंत्राचे) बाहेरचे युनिट घरामागच्या अरुंद कोपऱ्यात बसवले तर चालेल का?

शक्यतो तेथे बसवू नये. कारण पंख्याने बाहेर फेकलेली थंड हवा समोरच्या भिंतीवर आपटून पुन्हा युनिटमध्येच ओढली गेली, तर तेवढीच उष्णता मिळवण्यासाठी कॉम्प्रेसरला अधिक वीज लागते, शिवाय भिंतींमध्ये आवाजही घुमतो. माहितीपुस्तिकेत दिलेले अंतर प्रत्येक बाजूला मोकळे सोडावे. पाया पक्का आणि समतल हवा. सर्वाधिक दुर्लक्ष होते ते पाण्याकडे: थंडीत कॉइलवर (युनिटमधल्या उष्णता शोषणाऱ्या नळ्यांवर) साचलेला बर्फ डीफ्रॉस्टच्या वेळी, म्हणजे यंत्र तो स्वतःच काढून टाकते तेव्हा, वितळतो आणि तळाच्या छिद्रांतून बरेच पाणी गळते, म्हणून युनिट जमिनीपासून उंच, रबरी पायांवर बसवावे, खाली खडीचा थर द्यावा आणि ते पाणी पायवाटेवर जाऊन गोठणार नाही, याची काळजी आधीच घ्यावी.