सीटी स्कॅनच्या सीडीतील चित्रे घरच्या लॅपटॉपवर नीट कशी पाहता येतील?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा, की वडिलांच्या छातीच्या सीटी स्कॅनची सीडी लॅपटॉपवर उघडली असता फुप्फुसे नुसती काळी दिसतात, रिपोर्टमध्ये लिहिलेली ८ मिलिमीटरची गाठ सापडत नाही, आणि याकरिता कोणते सॉफ्टवेअर वापरावे हे कळत नाही. मी नाशिकमध्ये सीटी टेक्निशियन आहे. ‘पेशंट सीडी उघडून बघतच नाहीत’ हे वाक्य मी एका व्यवस्थापकांच्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकले आहे, त्यामुळे आपला प्रश्न वाचून मला जरा जास्तच लिहावेसे वाटले.

फुप्फुसे काळी दिसतात याचे कारण विंडो हे आहे. सीटीमध्ये प्रत्येक बिंदूला हाऊन्सफिल्ड एककातला एक आकडा असतो: पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास, फुप्फुस साधारण उणे ७०० ते उणे ८५०, आणि हाडे काही शेकड्यांपासून हजाराच्या पुढे. (हे एकक ज्यांच्या नावाचे आहे त्या गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड यांच्या यंत्रावर रुग्णाच्या मेंदूचा पहिला स्कॅन १९७१ मध्ये झाला आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.) पडद्यावर मात्र करड्या रंगाच्या २५६च छटा असतात, म्हणून या आकड्यांपैकी कोणता पट्टा दाखवायचा हे ठरवावे लागते. त्या पट्ट्यालाच विंडो म्हणतात. आपली सीडी बहुधा मऊ ऊतींच्या विंडोत, म्हणजे रुंदी ४०० आणि पातळी (पट्ट्याचा मध्य) ४० अशी उघडत असावी. या विंडोत उणे १६०च्या खालचे सर्व काही सपाट काळे होते आणि फुप्फुस त्याच्या कितीतरी खाली असते. रुंदी १५०० आणि पातळी उणे ६०० करा, किंवा यादीतून ‘लंग’ हा पर्याय निवडा. त्याच काळ्या जागेत रक्तवाहिन्यांच्या फांद्या दिसू लागतील. घन गाठ असेल तर ती मऊ ऊतींच्या विंडोतही ठिपक्यासारखी दिसू शकते, पण धुरकट असेल तर तिथे ती पूर्ण नाहीशी होते.

सॉफ्टवेअरबद्दल फार डोके शिणवू नये. विंडोजवर मायक्रोडायकॉम किंवा रेडियंट, मॅकवर होरोस, आणि लिनक्ससह कुठेही वेसिस चालते. सीडीसोबत आलेला व्ह्यूअर मला कधीच आवडला नाही. आधी संपूर्ण सीडी एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या आणि तो फोल्डर व्ह्यूअरमध्ये उघडा. आतल्या फाइलींना एक्स्टेन्शन नसते म्हणून त्या खराब आहेत असे समजू नका.

पडद्याच्या डाव्या बाजूला दिसते ते वडिलांचे उजवे फुप्फुस होय, कारण पाठीवर झोपलेल्या रुग्णाकडे पायांकडून पाहिल्यासारखी ही चित्रे मांडलेली असतात. रिपोर्टमध्ये गाठीपुढे सिरीज (एकाच जाडीच्या सलग चित्रांचा संच) आणि इमेज यांचे क्रमांक दिले आहेत का ते पाहा. असतील तर माऊसच्या चाकाने थेट तिथे जा. ठिपका दिसला की दोन-चार चित्रे पुढे-मागे सरका. रक्तवाहिनी असेल तर ती कुठेतरी जाऊन दुसरीला मिळते. गाठ जिथल्या तिथे उगवते आणि मावळते. मोजमाप लंग विंडोतच घ्या, कारण विंडो बदलली की तीच गाठ लहान-मोठी दिसते.

आता यात मला खरोखर महत्त्वाचे वाटते ते असे, की डाव्या बाजूच्या यादीत सिरीज किती आहेत आणि प्रत्येकीत चित्रे किती आहेत हे सर्वांत आधी मोजा. छातीची उंची ३० सेंटिमीटर धरली, तर ५ मिलिमीटर जाडीच्या कटांनी, म्हणजे आडव्या कापांनी, ६० चित्रे होतात आणि १ मिलिमीटरच्या कटांनी ३००. आपल्याकडे साठ-सत्तरच चित्रे असतील, तर थिन कट, म्हणजे बारीक काप, आपल्याला दिलेलेच नाहीत, आणि ८ मिलिमीटरची गाठ अशा एक-दोन चित्रांतच येऊन जाणार.

मी पूर्वी ज्या केंद्रात होतो तिथे सीडीवर फक्त ५ मिलिमीटरची सिरीज टाकावी असा नियम होता. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार ट्रॉलीवरून पडले आणि त्यांच्या मानेचा स्कॅन आमच्याकडे झाला. मानेच्या दुसऱ्या मणक्याचे दातासारखे वर आलेले टोक, म्हणजे दंत, त्याच्या मुळाशी अस्थिभंगाची शंका रिपोर्टमध्ये नोंदवलेली होती. रुग्ण मानेला कॉलर लावून नाशिकमध्येच पडून होते आणि त्यांचा मुलगा सीडी घेऊन मुंबईतील एका शल्यविशारदांकडे गेला. त्यांनी आपल्या लॅपटॉपवर बाजूचा छेद उभा करून पाहिला, तर हाडाच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसू लागल्या, कारण ५ मिलिमीटरच्या चित्रांतून तयार केलेला उभा छेद तसाच दिसणार. यावरून काही ठरवता येणार नाही, थिन कट आणा नाहीतर स्कॅन पुन्हा करा, असे त्यांनी सांगितले.

मुलगा पंचवटी एक्स्प्रेसने परत येऊन थेट आमच्या काउंटरवर उभा राहिला. ‘‘सीडी दिलेली आहे, दुसरी हवी तर नवे पैसे,’’ असे त्याला सांगण्यात आले. मी आत जाऊन पाहिले, तर कन्सोलवर, म्हणजे सीटी यंत्र चालवण्याच्या संगणकावर, ०.६२५ मिलिमीटरची सिरीज अजून शिल्लक होती. डिस्क भरत आली की यंत्र जुने स्कॅन आपोआप पुसून टाकते, आणि तो क्रम अद्याप आला नव्हता. मी मुलाला शेजारी बसवून बाजूचा छेद लावला. दंताच्या मुळाशी, किंचित तिरकी, केसाएवढी काळी रेषा पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत स्पष्ट गेलेली होती. मग त्याच जागेचे ५ मिलिमीटरचे आडवे चित्र त्याच्यासमोर आणले, तर हाड सबंध दिसत होते. यात जादू काही नाही: भंग जवळजवळ आडवा असला की तो कटाला समांतर पडतो, वरच्या-खालच्या हाडाबरोबर त्याची सरासरी होते आणि रेषा पुसली जाते. मी पूर्ण सिरीज सीडीवर उतरवून दिली. पुन्हा स्कॅन आणि पुन्हा तेवढे किरण, दोन्ही टळले.

व्यवस्थापक साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. ‘‘अहो, पेशंटला सीडीतलं काय कळतंय? डॉक्टर फिल्मच बघतात. आणि एवढं सगळं सीडीत बसतं तरी का?’’

बसते. एक चित्र ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचे असते, प्रत्येक बिंदूला दोन बाइट लागतात, म्हणजे चित्र साधारण अर्ध्या एमबीचे झाले. ३०० थिन आणि ६० जाड मिळून १८० ते १९० एमबी होतात. सीडीत ७०० मावतात. हा हिशेब मी त्यांना कागदावर मांडून दाखवला होता आणि त्यांनी तो कागद न वाचताच बाजूला सारला होता. फिल्मचे म्हणाल, तर छापताना जी विंडो लावली तीच त्यावर कायमची राहते, आणि फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे म्हणजे मूळ आकडे फेकून देऊन उरलेल्या छटा पाठवणे होय. डॉक्टर फिल्मच पाहतात, कारण त्यांच्यापर्यंत दुसरे काही पोहोचूच दिले जात नाही, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

थिन चित्रे दाणेदार दिसतात, त्याने घाबरू नका. कट जितका बारीक तितका दाणा अधिक. प्रत्येक स्कॅनला ती लागतातच असेही नाही. गाठ सापडली तरी ती कशाची आहे हे लॅपटॉपवरून ठरवू नका, ते रेडिऑलॉजिस्ट आणि छातीचे डॉक्टर ठरवतील. पूर्वीचा एखादा स्कॅन असेल तर त्याचीही सीडी त्यांच्याकडे न्या, कारण गाठ वाढली की तशीच आहे हे तुलनेशिवाय कळत नाही. फाइलींमध्ये वडिलांचे नाव आणि बहुधा जन्मतारीखही असते, त्यामुळे कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर त्या चढवू नका.

आणि यादीत थिन सिरीज दिसली नाही, तर उद्याच केंद्रात जाऊन ‘एक मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक सिरीज, मूळ डायकॉम स्वरूपात’ अशा शब्दांत मागणी करा (डायकॉम हे अशा वैद्यकीय चित्रांच्या फाइलींचे स्वरूप). काउंटरवर ‘सीडी दिलेली आहे’ असे उत्तर मिळाले, तर टेक्निशियनला भेटण्याचा आग्रह धरा. ती सिरीज कन्सोलवर अजून आहे की पुसली गेली, हे काउंटरवाल्यांना माहीत नसते, त्याला माहीत असते.