तत्त्वज्ञानाच्या पदवीचा उपयोग

प्रश्न : माझ्या मुलीला बी.ए.ला तत्त्वज्ञान हा विषय घ्यायचा आहे. त्याचा पुढे काय उपयोग होईल?

उत्तर : तिला तो अवश्य घेऊ द्या. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडून मगच त्याचे खंडन करायचे, ही आपल्या दर्शनांची, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या परंपरांची, शिस्त या अभ्यासात अंगवळणी पडते. आणि न्यायदर्शन या तर्कप्रधान दर्शनातील प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (त्याचे कारण), उदाहरण, उपनय (उदाहरणातला नियम प्रस्तुत बाबीला लावणे) व निगमन (निष्कर्ष) ही अनुमानाची पाच अंगे नीट समजली की, वकिली असो वा पत्रकारिता, युक्तिवादातील कच्चा दुवा चटकन ध्यानात येतो. हा लाभ मला सर्वांत मोलाचा वाटतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे, शिवाय २०१३ पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची प्रश्नपत्रिका सर्वांनाच द्यावी लागते. केवळ या पदवीवर नोकरी मात्र सहजी मिळत नाही. म्हणून पुढे तिने कायद्याचे किंवा अध्यापनाचे शिक्षणही घ्यावे.